ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन: अंतर किती, वेळ किती?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून नॉर्वेला येताहेत. बाबांनी भूगोल शिकवण्यात हयात घालवली, आता मध्यरात्रीचा सूर्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय म्हणतात. उत्तरेकडच्या ट्रॉम्सोला जाणार आहोतच. तिथून पुढे ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, तिथल्या लाँगयरब्येन गावापर्यंत जायचं मनात आहे. सत्तरीतल्या माणसांना झेपेल का?

– बर्गनहून

---

ताई,

हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरच्या हवाई अंतराच्या साधारण 1.4 पट. विमानाला साधारण 1 तास 40 मिनिटं लागतात. ओस्लोहून थेट गेलात तर सुमारे 2,000 किलोमीटर आणि तीन तास. प्रवास झेपेल, काळजी नको. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा बाबांची झोप मात्र सांभाळा.

मी ट्रॉम्सोला रुग्णालयात आहे, म्हणून एक सांगते. लाँगयरब्येनचा दवाखाना छोटा आहे. गंभीर पेशंट विमानाने इकडे आणतात, गरोदर बायकाही तारखेच्या आधीच मुख्य भूमीवर येतात. तिथला विमानतळ 1975 सालचा. त्याआधी समुद्र गोठला की हिवाळाभर बोट बंद! आजही हवा बिघडली की विमान रद्द होतं. परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवा, आणि औषधं चार दिवसांची जास्त, हातातल्या बॅगेत.

– ट्रॉम्सोहून

---

ताई, तिकिटं काढायच्या आधी हे वाचा.

स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण नॉर्वेतून जाताना तुम्ही शेंगेन सोडता आणि येताना पुन्हा आत शिरता. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परतीचं दार बंद. आमच्या सासूबाईंचं असंच झालं. चूक माझीच, अर्ज मी भरला होता. पासपोर्ट तपासणीच्या खिडकीशी कळलं आणि त्या आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांना घेऊन मी मागे फिरलो, मुलं पुढे गेली. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. किमान डबल एंट्री घ्याच. आणि आपणही पासपोर्ट न्यायचा, नॉर्वेतच फिरतोय म्हणून घरी ठेवायचा नाही.

– ओस्लोहून

---

बाबा भूगोलाचे म्हणून राहवत नाही. लाँगयरब्येनपासून सुमारे 110 किलोमीटरवर नी-ओलेसुन ही छोटी वस्ती आहे. तिथे 1 जुलै 2008 रोजी भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र सुरू झालं, आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. रस्ता नाही. शास्त्रज्ञ छोट्या डॉर्नियर विमानाने अर्ध्या तासात पोहोचतात, पर्यटक उन्हाळ्यात बोटीने. तिथे फोन फ्लाइट मोडवर ठेवावा लागतो, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, कारण अवकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या दुर्बिणी तिथे आहेत. बोटीची फेरी जमली तर बाबांना नक्की न्या.

– स्टावांगरहून

---

मंडळी, मनापासून आभार. व्हिसाची अपॉइंटमेंट गुरुवारी मुंबईत आहे, अर्ज अजून दुरुस्त करता येतोय. आत्ताच फोन करून एकाहून जास्त प्रवेश मागायला सांगितलं. हिमाद्रीचं ऐकल्यावर बाबांनी जुना ॲटलास खाली काढला. आई पलीकडून विचारत होती, लोकरीचे मोजे किती जोड घेऊ? ट्रॉम्सोच्या ताई, हे तुम्हीच सांगा.

– बर्गनहून