उत्तर: वाचनालयाची गाडी – जड घ्यायची की हलकी?

सुधाताई (धरमपेठ):
मंडळी, शोरूमला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. फिरत्या वाचनालयासाठी छोटा हत्ती (टाटा एस) की १.७ टन माल नेणारी बोलेरो पिकअप, एवढंच सांगा. कोषाध्यक्ष म्हणतात जड गाडी घेतली की पासिंगचा खर्च वाढतो. किती वाढतो, ते मात्र कोणी सांगत नाही. उद्घाटनाच्या पाहुण्यांचा विषय इथे काढू नये, मागच्या वेळी झालं तेवढं पुरे.

नाना (डॅलस):
वजनानं फरक पडतोच. इथे ग्रॉस वजन ६००० पौंडांपर्यंत वर्षाला ५०.७५ डॉलर, पुढे १०,००० पर्यंत ५४. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. तो आकडा रिकाम्या गाडीचा नसतो. माणसं, डिझेल, माल सगळं धरून कंपनीनं ठरवलेली कमाल मर्यादा असते. एफ-२५० पिकअप तर फोर्ड मागितली तर ९,९०० पौंडांच्या स्टिकरवरही देते, म्हणजे १०,००० च्या आत. नागपुरात असं काही जमतं का, विचारा.

विन्या (सॅन होजे):
नाना, सव्वातीन डॉलरचा फरक आहे तो! कॅलिफोर्नियात या. पिकअपमधून नुसती भाजी आणली तरी नंबराची पाटी कमर्शियल, आणि वेट फी वेगळी, तीही रिकाम्या गाडीच्या वजनावर. तुमचं स्टिकर इथे कोण विचारतो?

नाना (डॅलस):
म्हणूनच आम्ही टेक्ससात राहतो.

बंडूभाऊ (वर्धमाननगर):
अरे भाऊ, टेक्सस राहू द्या ना. गाडी काटोल-नरखेडला फिरणार आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला टॅक्स किमतीच्या ७ टक्के, एकरकमी. आधी वजनावर होता, कोषाध्यक्षांच्या डोक्यात अजून तेच आहे. दहा लाखांची गाडी म्हणजे ७० हजार, मग ती जड असो की हलकी. थर्ड पार्टी विम्याचाही टप्पा थेट ७५०० किलोपर्यंत, २०२२ च्या दरानं १६,०४९ रुपये.

वजन आडवं येतं ते ३००० किलोला. तिथपर्यंतच्या मालवाहूला परमिट लागत नाही. १.७ टन माल आणि वर गाडीचं स्वतःचं वजन धरा, ३००० पार होणारच. माझ्या मेव्हण्याची संत्र्याची गाडी कळमन्याला असते, त्याला विचारूनच लिहितोय.

कोषाध्यक्ष:
डोक्यात काही नाही, ठरावात आहे. ७० हजार मंजूर नाहीत. खासगी नोंदणी करा, पांढरी पाटी. फिटनेस तपासणीची कटकट नको.

बंडूभाऊ (वर्धमाननगर):
खासगी डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. वाचवा मग पैसे.

सुधाताई (धरमपेठ):
पांढरी पाटी विसरा. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत लायब्ररी व्हॅन ट्रान्सपोर्ट वाहनांच्याच यादीत आहे, मोबाइल क्लिनिक आणि एक्स-रे व्हॅनच्या ओळीत. पाटी पिवळीच. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पण बंडूभाऊ, ३००० ची सूट मालवाहूची आहे. आत कपाटं ठोकली तर ती मालवाहू राहील का? आणि नोंदणी माझ्या पत्त्यावर, नागपूर शहर आरटीओची एमएच-३१. सगळी कागदपत्रं इथे आहेत.

बंडूभाऊ (वर्धमाननगर):
कागदं तुमच्याकडे, पण गाडी उभी कुठे राहणार? माझ्या अंगणात. म्हणजे पूर्व नागपूर आरटीओची एमएच-४९.

नाना (डॅलस):
कपाटं ठोकणार असाल तर लक्षात घ्या, कमाल वजन तेच राहतं. कपाटांचं जेवढं वजन, तेवढी पुस्तकं कमी. आमच्या गणपतीच्या ट्रेलरला याच कारणानं

विन्या (सॅन होजे):
नाना, मेल अर्धीच आली. ट्रेलरची गोष्ट पुन्हा पाठवू नका, माहीत आहे. बरं, गाडी चालवणार कोण? ट्रान्सपोर्टचं लायसन्स कोणाकडे आहे?

बंडूभाऊ (वर्धमाननगर):
७५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचं साधं लायसन्स (एलएमव्ही) चालतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच सांगितलं. चालवीन मी. आणि ताई, कपाटं ठोकूच नका. छोटा हत्ती घ्या, पुस्तकं पेट्यांत भरा आणि गावात ओट्यावर उतरवा. गाडी मालवाहूची मालवाहू, ३००० च्या आत, परमिटचं नावच नाही.

सुधाताई (धरमपेठ):
हे जमेल. उद्या शोरूमला छोटा हत्ती कळवते. पत्ता एमएच-३१.

कोषाध्यक्ष:
पेट्या कुठल्या खात्यातून?