किल्ले स्पर्धा : लाइक मोजायचे की माच्या?

कुलकर्णी (सेक्रेटरी): सर्व सभासदांस कळविण्यात येते की यंदाची दिवाळी किल्ले स्पर्धा गेल्या वर्षीप्रमाणेच फेसबुकवर होईल. किल्ल्याचे फोटो सोसायटीच्या पेजवर टाकले जातील. पेज लाइक करणे, पोस्ट आपल्या अकाउंटवर शेअर करणे व पाच मित्रांना टॅग करणे बंधनकारक. सर्वाधिक लाइक मिळवणाऱ्या किल्ल्यास मुलांची सायकल. हुकुमावरून.

रेवती बी-४०३: काका, यातल्या बऱ्याच अटी चालत नाहीत हो. माझं रोजचं काम हेच आहे म्हणून सांगते, राग मानू नका.

कुलकर्णी (सेक्रेटरी): कोणाला चालत नाहीत? कमिटीत ठराव झालाय.

रेवती बी-४०३: फेसबुकला 🙂 शेअर करा नि टॅग करा, तरच स्पर्धेत घेऊ, अशी अट घालायला त्यांची सरळ मनाई आहे. पेज लाइक करण्याच्या बदल्यात काही देणं, तेही नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केलं. पोस्टवरचे लाइक किंवा कमेंट मोजायला मात्र परवानगी आहे. ऑगस्ट २०१३ च्या आधी तेवढ्यासाठीसुद्धा वेगळं ॲप लागायचं, तेव्हा आपल्यासारख्या सोसायट्या या भानगडीतच पडत नसत.

शिंदे सी-२०२: पण नाक्यावरचे सगळे दुकानदार करतात की! 'तीन मित्रांना टॅग करा आणि पैठणी जिंका.'

रेवती बी-४०३: सिग्नलही सगळे तोडतात, शिंदे काका. आणि डिसेंबर २०१७ पासून 'लाइक करा, शेअर करा, टॅग करा' असं मागणाऱ्या पोस्ट मुद्दाम खाली ढकलतात. म्हणजे नियम मोडूनही पोस्ट दिसणार कोणाला, तर आपल्यालाच. शिवाय या स्पर्धेशी फेसबुकचा काही संबंध नाही असं लिहायचं आणि बक्षिसावरून भांडण झालं तर ते आपण निस्तरायचं.

पाटील काकू ए-१०२: भांडण झालं तर म्हणजे काय गं. गेल्या वर्षीचं अजून मिटलं कुठे.

जाधव डी-६०१: काकू, टोमणा कळला. आमच्या चिरंजीवांच्या राजगडाला १,१४० लाइक होते. जनतेचा कौल आहे.

पाटील काकू ए-१०२: जनता कुठली ते पाहिलं का? नावं वाचता येत नव्हती, एकाच्याही डीपीला चेहरा नाही. आणि रात्री दोन ते तीनच्या दरम्यान आठशे वाढले. मला झोप नसते म्हणून पाहिलं.

जाधव डी-६०१: हा मेसेज हटवला गेला

जाधव डी-६०१: बरं. मेव्हण्याने हौसेने काहीतरी पॅकेज घेतलं होतं. मला नंतर कळलं.

शिंदे सी-२०२: 😂😂😂

पाटील काकू ए-१०२: आम्ही बिचारे एकेकाला लिंक पाठवत बसलो. ती पण पाच जणांना गेली की पुढे जाईना. मला वाटलं रिचार्ज संपला.

रेवती बी-४०३: रिचार्ज नाही काकू. व्हॉट्सॲपने २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड ठेवलंय. हातोहात फिरून आलेला, दोन बाणांवाला मेसेज तर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तेव्हा चिडायचे लोक, पण १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने मारून टाकलं होतं. अफवा फोनवरूनच पसरली होती. पाचची मर्यादा आली ती त्याच महिन्यात.

पाटील काकू ए-१०२: हो गं. भिक्षा मागणारी माणसं होती ती.

रेवती बी-४०३: आणि हेही लक्षात ठेवा, 'माझ्या भाचीला मत द्या' म्हणून ओळखीच्या नंबरवरून लिंक आली आणि मत द्यायला सहा आकडी कोड मागितला, तर द्यायचा नाही. तो आपलं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायचा कोड असतो. भाची वगैरे कोणी नसते.

देसाई बी-१०४: मग इन्स्टावर घेऊया? तरुण पोरं तिथेच असतात.

रेवती बी-४०३: तिथे मे २०२१ पासून ज्याला हवं तो आपल्या पोस्टवरचा आकडा लपवू शकतो. मग मोजणार कोण, ज्याची पोस्ट तोच.

शिंदे सी-२०२: सोपं करा हो. प्रत्येकी ५० रुपये प्रवेश फी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात, लहान पोराने एक उचलायची. भांडणच नाही.

साठे आजोबा ए-३०१: असले काही करू नका. पैसे घेतले, निवड नशिबावर सोडली आणि बक्षीस दिले, की झाली लॉटरी. चाळीस वर्षे वकिली केली, शेवटी सोसायटीच्या लॉटरीत साक्ष द्यायला लावाल.

साठे आजोबा ए-३०१: हा वाद तुमच्या फेसबुकाहून पुष्कळ जुना आहे. एके काळी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे खूळ होते. मुंबई सरकारने १९४८ मध्ये त्यावर नियंत्रण आणि कर आणला. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातली कोडी इकडे जोरात खपत, त्यावरून चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राने १९५५ मध्ये कायदा केला : महिन्यात १,००० रुपयांवर बक्षीस नाही, प्रवेशिका २,००० च्या वर नाहीत. १९५७ साली न्यायालयाने सांगितले की हे बंधन जुगारासारख्या स्पर्धांना, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. किल्ला बांधणे हे कौशल्य आहे.

देसाई बी-१०४: आणि लाइक मिळवणं, आजोबा?

साठे आजोबा ए-३०१: ते मेव्हण्याचे कौशल्य.

पाटील काकू ए-१०२: 🤣 आता मी एक बोलते, जाधव, मनाला लावून घेऊ नका. राजगडाला माच्या तीन. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तुमच्याकडे दोनच होत्या. पहिलं बक्षीस मिळेपर्यंत कोणी मोजल्याच नाहीत. आणि समोर बी विंगच्या त्या मुलीने एकटीने सिंधुदुर्ग केला होता, समुद्राचं पाणी खरं, घमेल्यात भरलेलं. तिला ३१ लाइक.

जाधव डी-६०१: जागा कमी पडली हो, पार्किंगमध्ये शिंद्यांची गाडी होती.

शिंदे सी-२०२: माझी गाडी माझ्या जागेवर होती.

कुलकर्णी (सेक्रेटरी): विषयाला धरून बोला. रेवती, मग करायचं काय ते सांग.

रेवती बी-४०३: फोटो पेजवर टाकू, लोकांना बघू देत, लाइक कितीही येऊ देत. निकाल परीक्षकांनी प्रत्यक्ष बघून द्यायचा. मुलाला विचारायचं, हा दरवाजा कुठला, पाण्याचं टाकं कुठे आहे. वडिलांनी केलेला किल्ला असेल तर दोन प्रश्नांत कळेल. आणि मुलांचे फोटो नकोत, फक्त किल्ल्यांचे.

साठे आजोबा ए-३०१: मी परीक्षक व्हायला तयार आहे. मला जिने चढवू नका, किल्ले खालीच करा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सुधारित सूचना. लाइकची अट रद्द. प्रवेश विनामूल्य. शुक्रवारी सायं. ५ ते ७ परीक्षण, परीक्षक साठे आजोबा व पाटील काकू. निर्णय अंतिम. हुकुमावरून.

देसाई बी-१०४: काका, आमचे अळीव अजून उगवले नाहीत, शनिवार चालेल का?

कुलकर्णी (सेक्रेटरी): ठराव झालाय.

जाधव डी-६०१: तिसरी माची चालू केली आहे. दहा-बारा विटा कमी पडतायत, कोणाकडे आहेत का?

शिंदे सी-२०२: आधी हे सांगा, सी विंगच्या जिन्याखाली माझ्या विटा होत्या, त्या काल रात्री कोणी नेल्या?