'दुर्मिळ पूर' की 'विरळ पूर'?

परभणी: क्वचित येणाऱ्या महापुराची संभाव्यता संगणकावर कशी काढतात, यावर विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण लिहितेय. 'दुर्मिळ घटना' लिहिलं, पण कानाला खटकतंय. आणि 'सिम्युलेशन'ला, म्हणजे संगणकावर पूर खोटाखोटा घडवून पाहण्याला, काय म्हणावं?

नांदेड: ताई, खटकायलाच पाहिजे. दुर्मिळ म्हणजे शोधूनही मिळत नाही ते. जुनं नाणं दुर्मिळ, पोथी दुर्मिळ. पूर कोण शोधत बसतं? 'विरळ' घ्या. ज्वारी विरळ उगवली म्हटलं की दोन ताटांमधली मोकळी जागा आधी दिसते, आणि तुमच्या हिशोबातली अडचण नेमकी तीच आहे. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट साध्या मॉन्टे कार्लोने, म्हणजे दैवावर सोडलेल्या आकड्यांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून, मोजायला दहा कोटी फेऱ्या चालवल्या, तर ती शंभरेकदा दिसणार. तरी उत्तरात दहा टक्क्यांची चूक धरावीच लागते.

सिम्युलेशन राहू द्या, पोरांना कळतं. एका फेरीला मात्र 'खेप' म्हणा. टँकरमुळे आपल्याकडे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

लातूर: विरळ मान्य. पण 'इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग'चं 'महत्त्वाचे नमुने' करू नका, अर्थच जातो. तिथं विरळ घटना जास्त वेळा दिसावी म्हणून संगणकात पाऊस मुद्दाम जास्त पाडलेला असतो. हजारात एकदा येणारा दिवस आपण दहात एकदा आणला, तर त्याची प्रत्येक नोंद शंभराव्या भागानेच धरायची. मोंढ्यावर ओल्या सोयाबीनच्या वजनातून कडता, म्हणजे घट, काढतात ना, तसा. मी 'कडत्याची पद्धत' म्हणेन.

परभणी: कडता छान! आणि 'स्प्लिटिंग'? 'विभाजन' फार कोरडं वाटतं.

नांदेड: 'फुटवा'. 1951 साली कान आणि हॅरिस यांनी ही रीत कणांच्या गणितासाठी मांडली, पण धरणावर ती चटकन समजते. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, 1522 फुटांवर पूर्ण भरतो. सगळे 27 दरवाजे उघडूनही पाणी किती वर चढेल, हा प्रश्न. त्यावर सहा खुणा करा. जी खेप खुणेला पोचली, तिला तिथूनच दहा फुटवे फुटू द्या. खाली राहिली ती सोडा. दर खुणेला दहातली एकच वर गेली, तर सहाव्या खुणेची संभाव्यता दहा लाखांत एक. कोट्यवधी खेपांचं काम काही हजारांत होतं.

परभणी: मग सोडलेल्या खेपांना 'विरळणी' म्हणू?

लातूर: नको, विरळ आधीच वापरलाय, पोरं गोंधळतील. 'खुंटलेल्या खेपा' लिहा.