ऑटोमॅटिक एलएस१: आधी कॅम की आधी कन्व्हर्टर? (कॅमारो / फायरबर्ड, १९९८–२००२)

व्ही८_वेडा (धागाकर्ता)

ऑटोमॅटिक एलएस१ (जीएमचं ५.७ लिटर व्ही८) मध्ये आधी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलू की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑईलवर चालणारा दुवा), असं विचारणाऱ्या एका नवख्याला परवा 'कोकणी_कॅमारो' यांनी दिलेला सल्ला असा: "२२८/२३२ चा कॅम टाक, एलएसए ११२. आवाज काय येतो बघ. कन्व्हर्टर पुढच्या वर्षी. रस्त्यावरच्या गाडीला ३६०० चा स्टॉल म्हणजे पैसे पाण्यात आणि गाडी रबर बँडसारखी." (स्टॉल म्हणजे गाडी उभी असताना कन्व्हर्टर इंजिनाला किती आरपीएमपर्यंत चढू देतो; आकडा मोठा तर कन्व्हर्टर सैल, लहान तर घट्ट.) खाली +१ ची रांग. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

साधा हिशोब करा. २२८/२३२ म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती डिग्री उघडे राहतात (लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यावर मोजून), एलएसए म्हणजे कॅमवरच्या त्या दोन उंचवट्यांमधला कोन, आणि ओव्हरलॅप म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो भाग. ०.०५० वर ओव्हरलॅप: (२२८+२३२)÷२ वजा २×११२, म्हणजे अधिक ६ डिग्री. २००१-०२ चा कारखान्याचा कॅम १९६/२०१, एलएसए ११६. तिथे उत्तर येतं वजा ३३ च्या आसपास. इतका फरक करायचा आणि कन्व्हर्टर मूळचाच ठेवायचा? 'डी' मध्ये टाकलं की घट्ट कन्व्हर्टर इंजिनाला ओढून खाली बसवतो. व्हॅक्यूम आधीच कमी, त्यामुळे सिग्नलला ब्रेक बूस्टर अर्धवट, गाडी ब्रेक ढकलत पुढे सरकते, आणि वळताना थ्रॉटल सोडला की बंद. मग ट्यूनर आयडल ९५० वर नेतो. आता 'एन' मधून 'डी' मध्ये टाकताना दर वेळी धाड आवाज, आणि तो धक्का थेट गिअरबॉक्समधल्या सन शेल नावाच्या पत्र्याच्या भागाला.

दुसरा मुद्दा +१ वाल्यांपैकी कोणी पाहिलेलाच नाही. ४एल६०ई (या गाड्यांचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) चे रेशो ३.०६, १.६३, १.००, ०.७०. पहिला ते दुसरा ही दरी भयानक आहे. ६४०० ला शिफ्ट केलं की ६४०० × १.६३ ÷ ३.०६ = साधारण ३४०० आरपीएम. हा कॅम कुठे जागा होतो? ३५०० च्या पुढे. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की इंजिन झोपलेल्या पट्ट्यात. ३६०० चा कन्व्हर्टर असेल तर तो घसरून इंजिनाला त्या खड्ड्यात पडूच देत नाही. लाँचला होणारा फायदा वेगळाच.

एकाच गोष्टीचे पैसे असतील तर आधी कन्व्हर्टर. मूळ कॅमवरही ३२००-३६०० चा स्टॉल गाडी बदलून टाकतो. उलटं करून बघा, डायनोच्या कागदावर आकडा येईल आणि सिग्नलला शेजारची मिनीव्हॅन पुढे जाईल.

---

कोकणी_कॅमारो

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता जे मी लिहिलं नाही तेही माझ्या तोंडी घालू नका. प्रश्न विचारणाऱ्याची गाडी लाखाच्या वर मैल चाललेली, गिअरबॉक्स कधी उघडलेला नाही, आणि तो सगळं घरच्या गॅरेजमध्ये जॅक स्टँडवर करणार. त्याला मी कन्व्हर्टर कसा सांगू?

या गाडीत ट्रान्समिशन उतरवणं म्हणजे काय ते लिहिणाऱ्याने एकदा अंगावर घ्यावं. ड्राइव्हशाफ्ट, एक्झॉस्टचा वाय-पाईप, क्रॉसमेंबर. शिवाय मागच्या एक्सलचा टॉर्क आर्म ट्रान्समिशनच्या शेपटीला बोल्ट केलेला, तोही सोडायचा. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट इंजिन मागे कलवल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत.

कॅमचं काम पुढून होतं. रेडिएटर बाहेर, वॉटर पंप, बॅलन्सर, टायमिंग कव्हर, संपलं. हेड काढावी लागत नाहीत. रॉकर सैल केले की मूळ कॅम काही फेरे फिरवायचा, लिफ्टर (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले) वर जाऊन प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकतात. शनिवार-रविवारचं काम.

आणि जुन्या ४एल६०ई मागे सैल कन्व्हर्टर लावला की काही महिन्यांत ३-४ क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा) जळतो. सगळीकडे हेच ऐकू येतं.

---

नीट_वाचा

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

कोकणी_कॅमारो, "संपलं" इतकं सोपं नाही. जुन्या ट्रेची पकड ढिली झालेली असते. कॅम बाहेर ओढताना एक लिफ्टर खाली पडला की शनिवार-रविवार विसरा, ऑईल पॅन किंवा हेड उतरवा. म्हणून रॉकर सोडून कॅम फिरवल्यावर लिफ्टरखालच्या दोन्ही लांब छिद्रांत ५/१६ इंची सळ्या सरकवायच्या, मगच कॅमला हात लावायचा.

तुमच्या सल्ल्यात व्हॉल्व्ह स्प्रिंगचा उल्लेखच नव्हता. ०.५८० इंचाच्या पुढच्या लिफ्टला (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) मूळ स्प्रिंग चालत नाहीत. एक तर कॉइल एकमेकींवर बसतात, नाहीतर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो. ड्युअल स्प्रिंग, सोबत टणक पुशरॉड. पुशरॉडची लांबी ७.४०० गृहीत धरू नका. कॅमचं बेस सर्कल लहान असू शकतं, तेव्हा ॲडजस्टेबल पुशरॉडने मोजून घ्या. हेड मिल केलेली (घासून पातळ केलेली) असतील तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर पिस्टनवर मऊ माती (क्ले) ठेवून तपासा. एलएस१ च्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाच नसते.

कव्हर उघडलेलंच आहे तर नवी चेन आणि ऑईल पंप टाका. पिकअप ट्यूबची ओ-रिंग बसवताना चिमटली की पंप हवा ओढतो आणि पहिल्याच स्टार्टला प्रेशर शून्य. बॅलन्सरला क्रँकवर जागा पक्की करणारी चावी (की) नाही, तो फक्त दाबाने धरलेला असतो. म्हणून आधी जुन्या बोल्टने २४० फूट-पौंडाला बसवायचा, मग नवा बोल्ट ३७ फूट-पौंड आणि वर १४० डिग्री. जुनाच बोल्ट परत वापरणाऱ्यांचा बॅलन्सर डगमगतो, आणि ते मग सीलला शिव्या घालतात.

व्ही८_वेडा, तुम्ही ट्यूनबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. कन्व्हर्टर घातला आणि ट्यून तीच ठेवली तर अर्धे पैसे वाया. लॉकअपचा (कन्व्हर्टर घसरणं थांबवून थेट जोडला जाण्याचा) वेग, शिफ्टचे आकडे, टॉर्क मॅनेजमेंट सगळं बदलतं. ३.२३ चा रिअर (मागच्या एक्सलचा रेशो) आणि मूळ मापाचं टायर धरलं तर ७० मैलांना चौथ्या गिअरमध्ये लॉकअप लागल्यावर इंजिन २०७० च्या आसपास फिरतं. या कॅमवर लॉकअप ४०-४५ मैलांना लागला तर इंजिन १३०० ला गचके देणार. तो वर सरकवा. कारखान्याच्या ट्यूनमध्ये लॉकअप क्लच मऊ, थोडा घसरत लागतो. नव्या कन्व्हर्टरच्या अस्तराला ते मानवतं का, हे बनवणाऱ्याला विचारा. फुल थ्रॉटलला सिंगल डिस्क लॉक करू नका, टिकत नाही.

---

उगाच_एक

सहा गिअरचा मॅन्युअल टाका आणि विषय मिटवा. कन्व्हर्टर नाही, स्टॉल नाही, रडगाणं नाही. ऑटोमॅटिक मसल कार ही संकल्पनाच मला कळत नाही.

---

व्ही८_वेडा

प्रत्येक धाग्यावर हाच प्रतिसाद. पेडल, हायड्रॉलिक्स, ड्राइव्हशाफ्ट, कॉम्प्युटरमधला सेगमेंट, सगळ्याचे पैसे तुम्ही देणार का?

कोकणी_कॅमारो, "सगळीकडे ऐकू येतं" हा पुरावा नव्हे. ३-४ क्लच जळतो तो गळक्या सीलमुळे आणि कमी लाईन प्रेशरमुळे, २-३ शिफ्टला. जो क्लच आधीच संपत आला होता, त्याला कन्व्हर्टर बदलताना कोणी उघडून पाहिलं नाही, इतकंच. पॅनमध्ये काळा गाळ आणि जळका वास असेल तर कन्व्हर्टरही नको आणि कॅमही नको, आधी गिअरबॉक्स बांधून घ्या. रिव्हर्स, दुसरा आणि चौथा एकदम गेले तर तो क्लच नाहीच, सन शेल तुटला.

---

ह्यूस्टनकर

अवांतर: कूलरबद्दल कोणीच का बोलत नाही? सैल कन्व्हर्टर अनलॉक असताना जितका घसरतो तितकी उष्णता ऑईलमध्ये. आमच्याकडे ऑगस्टमध्ये ३८ अंशांत ट्रॅफिकला उभं राहिलं की मूळच्या व्यवस्थेचा काही उपयोग नाही. रेडिएटरच्या टाकीतला कूलर ऑईलला कूलंटच्या खाली फारसा नेऊच शकत नाही. मी तर म्हणेन रेडिएटर पूर्ण वगळा आणि मोठा वेगळा कूलर लावा. जुन्या रेडिएटरच्या आत भेग पडली की कूलंट ऑईलमध्ये शिरतं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटतं. वीस-पंचवीस वर्षांच्या रेडिएटरवर मी तो भरवसा ठेवणार नाही.

---

मिनेसोटाचा_गारठा

रेडिएटर वगळा हा सल्ला टेक्सासपुरता ठेवा! आमच्याकडे ऑईल तापतच नाही. थंड असेपर्यंत कॉम्प्युटर लॉकअप लावत नाही, म्हणजे महामार्गावर कन्व्हर्टर घसरतोच आहे, शिफ्ट उशिरा, ऑईल घट्ट. आधी रेडिएटर, मग बाहेरचा कूलर, मग ट्रान्समिशन, हाच क्रम.

---

ह्यूस्टनकर

मिनेसोटात जानेवारीत कॅमारो बाहेर काढतो कोण? रस्त्यावर मीठ असतं. तुमची गाडी तेव्हा कव्हरखाली.

---

मिनेसोटाचा_गारठा

एप्रिलमध्येही सकाळी ० अंश असतं साहेब. आणि सगळ्यांच्या गाड्या शोपीस नसतात.

---

नीट_वाचा

दोघांनी थांबा. बायपास असलेला कूलर घ्या, वाद मिटतो. ट्रू-कूलच्या ४७३९ मध्ये घट्ट ऑईल नळ्यांना टाळून थेट पुढे जायची सोय आहे. क्रम गारठ्यांचाच योग्य, पण रेडिएटर जुना असेल तर आधी नवा टाका. इथे ह्यूस्टनकरांचा मुद्दा मान्य करावा लागेल.

आणि तापमान म्हणून जो आकडा दाखवत फिरता तो पॅनमधला. सेन्सर व्हॉल्व्ह बॉडीवर, पॅनच्या आत बसतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑईल त्याहून बरंच गरम असतं. पॅनमध्ये ८० अंश सेल्सिअस म्हणजे छान, १०५ च्या पुढे सतत राहिलं तर कूलर लहान पडतोय. कुठली लाईन परतीची, हे इंजिन क्षणभर सुरू करून बघा, अंदाजाने जोडू नका.

---

ह्यूस्टनकर

मान्य. पण जुना गिअरबॉक्स जळालेला असेल तर रेडिएटरमधला कूलर धुऊन वापरू नका, हे लिहायचं राहिलं तुमचं. त्यातला चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये जातो. धुणारे दुकानदार "फ्लश केलंय" म्हणून पैसे घेतात आणि...

---

मिनेसोटाचा_गारठा

म्हणजे शेवटी रेडिएटर बदलाच म्हणताय, वगळा नव्हे. हेच मी सांगत होतो.

---

कोकणी_कॅमारो

कूलर परिषद आटोपली असेल तर मूळ मुद्दा. शिफ्टनंतर ३४०० चा हिशोब मी परत मांडून पाहिला. आकडे बरोबर आहेत, मानतो. पण कन्व्हर्टरऐवजी ३.७३ चा रिअर का नको? कित्येक ऑटोमॅटिक २.७३ वर आल्या आहेत.

---

व्ही८_वेडा

रिअर बदलून शिफ्टनंतरची दरी एका आरपीएमनेही कमी होत नाही, ती गिअरबॉक्सच्या रेशोत आहे. वर हा टेन-बोल्ट एक्सल नाजूक. ३.७३ मध्ये पिनियन लहान होतो, आणि चिकट टायरवर तोच पहिला बोलतो. २.७३ असेल तर ३.२३ किंवा ३.४२ चांगलाच, पण कन्व्हर्टरला पर्याय म्हणून नव्हे.

---

कोकणी_कॅमारो

बरं बाबा. तरीही २२८/२३२ नवख्याला जास्त होता इतकंच कबूल करतो, आवाजासाठी ओव्हरलॅप विकत घेऊ नये. २२४/२२४, ०.५८१ लिफ्ट, एलएसए ११४, ओव्हरलॅप वजा ४. असा कॅम मूळ कन्व्हर्टरवर ८०० च्या आयडलला चालतो. आदर्श नव्हे, चालतो.

---

नीट_वाचा

चालतो, फक्त आयडलला क्लोज्ड लूपची (ओ२ सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करण्याची) फसगत बघा. ओव्हरलॅपमधून न जळलेली हवा एक्झॉस्टला जाते, ओ२ सेन्सर 'लीन' सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. कॅलिफोर्नियातल्यांनी तर कॅमला राज्याची मान्यता आहे का ते आधी बघावं, टेक्सासात २४ वर्षांपुढच्या गाड्या धुराच्या चाचणीतून सुटतात.

---

व्ही८_वेडा

२२४/११४ सोबत मूळ कन्व्हर्टर काही महिने, इतकं मी गिळतो. नवख्याने विचारलंच आहे म्हणून कन्व्हर्टरचं लिहितो.

मागवताना नुसतं "३६०० द्या" म्हणू नका. गाडीचं वजन, रिअर, टायरची उंची, कॅमचे आकडे द्या. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे वर फ्लॅश होतो, म्हणजे त्याचा स्टॉल वाढतो. बसवण्याआधी आत सुमारे लिटरभर एटीएफ (गिअरबॉक्सचं ऑईल) ओता, हबला ऑईल लावा, मग फिरवत ढकला. तीन टप्पे जाणवले पाहिजेत, शेवटचा पंपाचा. बेलहाउसिंग इंजिनाला हातानेच पूर्ण टेकली पाहिजे. बोल्टने ओढून घ्यावी लागत असेल तर कन्व्हर्टर पंपात बसलेला नाही, आवळलात की पंप फुटला. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटकडे (क्रँकवरच्या पातळ चकतीकडे) ओढताना १/८ ते ३/१६ इंच पुढे आला पाहिजे. जास्त येत असेल तर वॉशर. बोल्ट कन्व्हर्टरसोबत आलेलेच वापरा. लांब बोल्ट पुढचं कव्हर आतून फुगवतो आणि लॉकअपची जागा खराब होते.

ऑईल: आधी चार-पाच क्वार्ट, सुरू करून लगेच आणखी, मग गरम झाल्यावर 'पी' मध्ये इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर. डेक्स्रॉन ६ चालतं.

---

उगाच_एक

इतक्या वेळात मॅन्युअल बसला असता.

---

कोकणी_कॅमारो

आणि क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरबद्दल दुसरा धागा निघाला असता.

व्ही८_वेडा, फ्लेक्सप्लेटचे क्रँकवरचे बोल्ट राहिले. तीन फेऱ्यांत १५, ३७, ७४ फूट-पौंड, थ्रेड लॉकर लावून. कन्व्हर्टर खाली आहे तोवर मागचं मेन सील आणि त्याचं कव्हरही तपासून घ्या, परत ती टॉर्क आर्म सोडायला कोणी जाणार नाही.