'क्रिम्बो' म्हणजे लाड की वात्रटपणा?

पाहुणा आजोबा: लेकीकडे इंग्लंडात लेस्टरला आलोय. नात विचारते, "आजोबा, क्रिम्बोला मला प्रेझी काय?" क्रिम्बो म्हणजे ख्रिसमस, प्रेझी म्हणजे भेटवस्तू. ऑस्ट्रेलियात म्हणे सणाचं 'क्रिसी' करतात. आणि २६ डिसेंबरनंतर नवं वर्ष उजाडेपर्यंत वार विसरून, उरलंसुरलं खात लोळायचे जे दिवस, त्यांना 'क्रिम्बो लिम्बो'. ज्या सणाला माणसं चर्चमध्ये गुडघे टेकतात, त्याचं नाव असं चुरगाळायचं? उद्या आपल्या चतुर्थीला कोणी 'चतू' म्हटलं तर चालेल का? माझा ठाम विरोध.

शब्दवेडी: आजोबा, 'गंपती' काय इंग्रज म्हणतात? ज्या संक्रांतीला तिळगूळ वाटतो, तिच्याच नावाने 'संक्रांत कोसळली' म्हणतो. सण शिमग्याचा, पण 'नावाने शिमगा' म्हणजे बोंबाबोंब. दिवाळी झाली की खिशाचं दिवाळं. आपण काय कमी वात्रट आहोत?

पाहुणा आजोबा: संक्रांतीचं उदाहरण चुकलं, ताई. देवी ज्या दिशेला बघते तिथे संकट, अशी पंचांगातली समजूत त्यामागे आहे. क्रिम्बोमागे काय आहे? अख्खा शब्द उच्चारायचा आळस!

रोखठोक: आजोबांशी सहमत. 'एक्समस' (Xmas) तर त्याहून वाईट. ज्याचा वाढदिवस, त्यालाच काढून तिथे फुली मारली.

वसईची मावशी: फुली नाही हो ती. ग्रीकमध्ये ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर 'खी', ते इंग्रजी एक्ससारखं दिसतं. चर्चचेच लोक शेकडो वर्षं तसं लिहीत आलेत. आमच्याकडे गोठा सजतो, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जागा मिळत नाही, आणि तरी घरात सणाची थट्टा चालतेच. आणि तुम्ही आम्ही 'नाताळ' म्हणतो तो तरी कुठून आला? पोर्तुगीज 'नाताल'मधून. आमच्या वतीने तुम्ही दुखावून घेऊ नका, आमचं आम्ही बघू. :)

रोखठोक: एक्समसचं मागे घेतो, माहीत नव्हतं. पण 'ट्विक्समस' घ्या. अर्थ तोच, क्रिम्बो लिम्बोचाच, पण हॉटेलवाले त्या नावाने सुट्टीची पॅकेजं विकतात. लोकांच्या तोंडचा शब्द वेगळा आणि जाहिरातीतला वेगळा.

शब्दवेडी: हे मात्र पटलं.

लंडनचा डबेवाला (नावापुरता): सगळ्यात भारी वाक्प्रयोग राहिलाच की! टर्की पक्ष्यांनी नाताळच्या बाजूने मत देणं. नाताळात टर्की कापतात, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. २८ मार्च १९७९ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅलाहन यांनी भर संसदेत हा टोमणा स्कॉटिश नॅशनल पक्षाला मारला. ते लोक त्यांच्या सरकारविरुद्ध मत द्यायला निघाले होते. सरकार एका मताने पडलं, ३११ विरुद्ध ३१०. मे महिन्यात निवडणूक झाली आणि त्या पक्षाचे ११ खासदार होते ते २ उरले. आता सांगा आजोबा, वात्रटपणा की भाषेची श्रीमंती?

पाहुणा आजोबा: टर्की मान्य! त्यात अक्कल आहे, चित्र आहे. बोकडानेच जत्रेची तारीख ठरवावी तसं. पण क्रिम्बोमध्ये विनोद कुठाय? नुसतं बोबडं बोलणं. थट्टेला माझी ना नाही, थट्टेत दम हवा.

वसईची मावशी: लहान मुलाचा बोबडा बोलच तर आपण लाडाने धरून ठेवतो, आजोबा. बाळाचं बाळ्या होतं, त्यात कुठे अक्कल शोधता?

रोखठोक: मावशी, बाळ्या घरात. सणाच्या पत्रिकेवर कोणी 'बाळ्या' छापतं का?

शब्दवेडी: क्रिम्बो तरी पत्रिकेवर कोण छापतंय? मला खरी गंमत क्रिम्बो लिम्बोची वाटते. त्या रिकाम्या दिवसांना नाव द्यावंसं वाटलं हेच केवढं. मराठीत काय म्हणाल?

पाहुणा आजोबा: आहे की आपल्याकडे! शिमगा गेला नि कवित्व उरलं. आत्ताच नातीला अर्थ सांगितला. सण संपतो, त्याचा गलका रेंगाळतो, ते कवित्व. पोरगी खूश. आता घरभर ओरडत फिरतेय, "क्रिम्बोचं कवित्व! क्रिम्बोचं कवित्व!"

जावई हसतायत. माझा विरोध कायम आहे, हे नोंदवून ठेवा.