मदत हवी आहे: 'राजेशाही' पॅकेजचे पैसे परत मिळतील का?

मंडळी, आम्ही दांडिया बाजारातले, बडोद्याचेच. तरी 'सयाजीरावांच्या काळात दोन रात्री' अशा जाहिरातीला भुललो आणि शहराबाहेरच्या एका रिसॉर्टला ३८,००० मोजले! फेटा फोटोपुरता, त्याचंही भाडं वेगळं. 'राजवाड्यातली मेजवानी' म्हणजे पनीर आणि डब्यातलं श्रीखंड. (सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा लक्ष्मी विलास राजवाड्याचं तिकीट काढलं असतं.) तक्रार केली तर उत्तर काय, 'तुम्ही आमच्या कुटुंबातले आहात', आणि सोबत पुढच्या बुकिंगचं कूपन. कुटुंबातल्यांना कुणी असं लुबाडतं का?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ५ लाखांपर्यंत ग्राहक आयोगात फी नाही म्हणे. कुणी स्वतः, वकिलाशिवाय केस लढवलीय का? जाहिरातीचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात का?