पंप ऑटोवर टाकायचा का?

ए-१०४ : पहाटे परत टाकी ओव्हरफ्लो 😞 पाऊण तास पाणी वाहत होतं, आणि परवाच टँकर मागवलाय आपण

सेक्रेटरी : वॉचमन काकांना कुणी बोलू नका, गेट पण तेच बघणार आणि पंप पण तेच. बी-३०२ दादा, तुमचं पॅनेलचंच काम आहे ना, ऑटो कसं करायचं सांगा

बी-३०२ : सांगतो. आत्ता स्टार्टरचं हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी पंप चालूच राहतो बघा, कारण कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा आतला मोठा स्विच, ओढला की त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट त्याला धरून ठेवतो, त्याला होल्डिंग म्हणतात. लाल दाबलं की ती धरलेली लाइन तुटते. आपल्याला फक्त बोटाच्या जागी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे स्विच, लावायचेत. वरच्या टाकीत दोन, खालचा पाव टाकीला तो हिरव्या बटणाचं काम करणार, वरचा झाकणाखाली वीतभर तो लाल बटणाचं. पाणी पावच्या खाली गेलं की पंप चालू, मग पाणी चढताना खालचा फ्लोट सुटला तरी होल्डिंगवर चालत राहतो, वर पोचलं की बंद

सी-२०१ : एकच फ्लोट लावला तर नाही का चालणार? खर्च कमी

बी-३०२ : नको काका. कुणी दोन बादल्या भरल्या की पंप चालू, लगेच बंद, परत चालू. मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट खेचते, मोटरमधलं तारेचं वाइंडिंग तापतं आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात

ए-१०४ : आणि खालच्या टाकीतच पाणी नसलं तर? मागच्या उन्हाळ्यात पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे शाफ्टपाशी पाणी अडवणारं, त्यानेच गेलं होतं

बी-३०२ : त्यासाठीच तिसरा फ्लोट, खालच्या टाकीत, लाल बटणाच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच लाइनमध्ये एकामागे एक. हा मॅन्युअलवर पण लाइनमध्ये राहिलाच पाहिजे, कारण घाईत मॅन्युअलवर टाकून लोक विसरतात आणि पंप कोरडा फिरतो. आणि वायरिंग असं करायचं की वायर तुटली, उंदराने कुरतडली तरी पंप बंदच पडेल. पाणी आलं नाही तर ग्रुपवर लगेच बोंब होते, वाहून गेलेलं रात्री कुणाला कळत नाही

सी-४०३ : माझ्या भावाकडे स्टीलच्या रॉडचे सेन्सर आहेत, ते स्वस्त पडतात म्हणे

बी-३०२ : असतात ताई, पण त्यांना डीसी दिला की रॉड खाल्ले जातात, एसीवालं युनिट घ्यावं लागतं. शिवाय आपल्या बोअरचे क्षार बसणार. फ्लोटच बरा. फक्त टाकीत २३० व्होल्ट सोडायचे नाहीत हां, २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकू, टाकी धुणारा माणूस आत उतरतो

सेक्रेटरी : ठरलं तर. शनिवारी टाकी धुवायचीच आहे, रिकामी असतानाच फ्लोट सोडून घेऊ

बी-३०२ : चालेल, सकाळी आठला गच्चीवर येतो. पॅनेलची चावी तेवढी काढून ठेवा